बिनअंगठ्याची माणसं

फुलवंताबाईनं पहिल्यांदा ऐकलं.
निराधारच्या रांगेत ती तिसरी,
हयातीचा दाखला पाहिजे होता,
आणि माझ्या टेबलाखालचा डबा
इंग्रजीत कुणाला तरी टायर विकत होता.
"मशीन कोनासंग बोलते व माय?"
स्क्रीनवर एकही खिडकी उघडी नव्हती.
मी आवाज बंद केला, म्हटलं, काही नाही.

काही नाही कसं.
महिन्याभरापासून पंखा घरघरत होता,
दुपारी दोनलाच नेटचा पॅक संपायचा,
सातबारा उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा.
खैरीटोल्याची माणसं आल्या पावली परत जायची
आणि मी टॉवरला शिव्या द्यायची.

रात्री शटर ओढून स्कॅन लावला.
चार लाख फायली. सापडलं : शून्य.
सुपात धान पाखडावं तसं
एकेक फोल्डर पाखडलं.
खडा नाही, तूससुद्धा नाही.
त्या शून्यावर भरवसा ठेवून झोपले.

साकोलीहून तेजराम लंजे आला.
हेल्मेट काढायच्या आधी त्यानं राउटरची वायर उपटली,
आणि पंखा हळूहळू निवला,
रडून रडून थकलेल्या पोरासारखा.
"फाईल पाहत बसू नोका ताई, फाईलच नाही.
अमरवेल पाहिली न जवसावरची?
मातीत मूळ कुठं असते तिले?"

मग दाखवलं.
रजिस्ट्रीत, जिथं मशीन सकाळी उठून
आपली कामं वाचतं,
तिथं एक जास्तीची ओळ.
नावाच्या जागी न वाचता येणारी खूण,
पुढं पानभर अक्षरांचा गाळ.
मशीन उठलं की ती ओळ
पॉवरशेलच्या कानाला लागते.
पॉवरशेल घरचंच, मशीनसोबत आलेलं,
कुऱ्हाडीचा दांडा.
मग मेमरीत, फक्त मेमरीत,
एक आंधळी खिडकी उघडते
आणि जाहिरातींवर बोट पडत राहतं.
टिचक. टिचक. टिचक.
दर टिचकीला कुठंतरी कुणाला पैसा,
आणि टायरवाल्याच्या वहीत नोंद :
एक माणूस येऊन गेला.

तेजरामनं ओळ पुसली.
पाहता पाहता ती परत उमटली.
तो हसला, मला हसू आलं नाही.
"पयले आत जागा हाये त्याले झोपवा लागते,
मंग लिहिलेलं पुसा लागते."
तसं केलं. मशीन बंद, चालू, पुन्हा बंद, चालू.
ओळ आली नाही.

"आलं कुठून असन?"
मला ठाऊक होतं.
वीजबिल थकल्याची मेल, सोबत वर्डची फाईल,
वर पिवळी पट्टी : मजकूर सुरू करा.
रांगेत चौदा जणं उभी. मी सुरू केला.
पहिली टिचकी माझीच.

दोन वर्षं 'नंतर' म्हणून ढकललेले अपडेट
रात्रभर उतरत राहिले.
रोजच्या कामाला आता बिनअधिकाराचं खातं,
मॅक्रो बंद, सगळे पासवर्ड नवे,
आणि पॉवरशेल कधी, कशासाठी उठलं
याची आत नोंद.
भिंतीवर योजनांच्या यादीखाली मी पेनानं लिहिलं :
पिवळी पट्टी आली तर आधी पाठवणाऱ्याला फोन.
वाचणारी मी एकटीच. तरी लिहिलं.

सोमवारी फुलवंताबाई परत आली.
चाळीस वर्षांच्या रोवण्यात गुळगुळीत झालेला अंगठा
पदराला पुसून तिनं काचेवर ठेवला.
जुळत नाही.
थोडं तेल लावून. जुळत नाही.
डावा. जुळत नाही.

महिनाभर याच टेबलाखालून
हजारो माणसं टायर पाहून आली,
एकालाही अंगठा नव्हता,
आणि सगळी मोजली गेली.

"मी आहो न व बाई?"
आहात काकी, म्हटलं,
आणि काच पुसून
पाचव्यांदा तिचं बोट धरलं.