सहा ऑगस्टचं पान

पुस्तकाला नाव नव्हतं.
म्हणजे असणार, पण मुखपृष्ठ आमच्या जन्माआधीच
कुणीतरी दूधवाल्याच्या हिशोबासाठी फाडलेलं.
आम्ही म्हणायचो, तारखांचं पुस्तक.
रोज एक पान: वर वचन, मध्ये मनन,
तळाशी दोन ओळींची प्रार्थना.
ती शुलूच्या वाट्याची,
कारण शुलू सगळ्यांत लहान
आणि प्रार्थना सगळ्यांत आखूड.

फतेगंजमधली दीड खोली. रात्रीचे पावणेनऊ.
प्रतापनगरच्या वर्कशॉपचं ग्रीस
पपांच्या बोटांत साबणाला न जुमानता मुरलेलं,
म्हणून पान ते बोटानं उलटत नसत,
पेन्सिलीच्या मागच्या टोकानं उलटत,
जणू पानाला झोप लागलीय.

आई पेटलादची. मराठी तिला लग्नात मिळाली,
स्टीलच्या डब्यांसोबत.
तिची पाळी आली की ती ओळीवर फूटपट्टी ठेवायची,
शिरोरेघ झाकली जाईल अशी.
खालून डोकावणारी काही अक्षरं
मग माहेरची वाटायची तिला.
ज आणि ख मात्र परकेच राहिले.
त्यामुळे ती अडायची
नेमकी ख्रिस्तापाशीच.
"ख," पपा म्हणायचे, मान वर न करता.
"ख," आई म्हणायची.

चौदा जानेवारीच्या पानाला अजून मांज्याचा गुलाबी रंग आहे.
गच्च्यांवरून तुक्कल चढत होते,
आणि अनुग्रह मनन वाचत होता अशा वेगानं
की पूर्णविराम पायाखाली चिरडत होते.
परत वाच, पपा म्हणाले.
त्यानं परत वाचलं. धीराविषयी होतं.

विश्वामित्री घरात शिरली त्या वर्षी
मगर दोन गल्ल्या पलीकडे, शाळेच्या ओट्यावर,
असं सगळे सांगत होते, पाहिलेलं कुणीच नव्हतं.
पुस्तक पेटीतून निघालं ते पावासारखं फुगून.
आईनं पान पान सोडवलं,
दोऱ्या बांधल्या, चिमटे लावले.
आठवडाभर आम्ही मार्च-एप्रिलखालून वाकून जेवायला बसायचो.
"आत्ता समजलं," आई म्हणाली,
"तुमची अक्षरं दोरीला का लटकतात ते."
पुरानंतर पपा तेव्हा पहिल्यांदा हसले.

सगळं वर्ष वाळलं. एक तारीख तेवढी सापडली नाही.

ते कळलं पुढच्या साली.
पेन्सिलीनं पान उलटलं: पाच, मग सात.
"आज पान नाही."
"मग सुट्टी?" शुलू म्हणाली.
आई फूटपट्टीशी चाळा करत होती.
"मीच मागितलं होतं," ती म्हणाली.
"पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा.
म्हटलं, प्रभू, घर राहू दे,
हे पुस्तक घेऊन जा.
रोज रात्री पोरांसमोर माझा ख."

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्कूटर लावली.
पपांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा घातला, तरी काही बोलले नाहीत.
सकाळी वर्कशॉपला निघताना
त्यांनी आईपुढे अनुग्रहच्या वहीचं पान ठेवलं.
"सहा तारीख तू लिही."

तिनं लिहिली. भाषा मराठी, अक्षरं गुजराती,
दोरीवरून उतरून जमिनीवर चालणारी.
पाणी आलं. मी तुझ्याकडे वाईट मागितलं.
तू दिलं नाहीस.
एक पान दिलंस फक्त.
पुढचं इथे सांगत नाही. ते सहा ऑगस्टला वाचायचं असतं.

बावीस वर्षं बडोद्यात काढून
पपांना बसच्या पाटीपलीकडे गुजराती येत नव्हतं.
दर साली ते वाचायला बसायचे,
आणि दुसऱ्याच ओळीत अडायचे.
"ख," आई म्हणायची,
मान वर करून, चांगली त्यांच्याकडे बघून.

त्या पानाच्या कडेला ग्रीसचा ठसा आहे,
पूर्ण अंगठ्याचा, रेघा मोजता येतील असा.
बाकी पुस्तकात कुठेच नाही.
अनुग्रह मस्कतहून फोनवर विचारतो,
ते पान नीट ठेवलंयस ना?
ठेवलंय. पाच आणि सातच्या मधे.
त्यावर तळाशी प्रार्थना लिहायची आई विसरली,
तेव्हा शुलू दर वेळी काहीतरी स्वतःचंच म्हणते,
आणि तिची प्रार्थना आता
आखूड राहिलेली नाही.