बेदाण्याचं शेड

भाच्याची बदली झाली, तो याला माझ्याकडे ठेवून गेला.
दोन महिन्यांचा ग्रेट डेन,
पंजे तेवढे थोरल्या भावाचे घालून आलेला.
नाव गोट्या. आता हाक मारली
की लोक आधी खाली बघतात, मग वर.

डॉक्टर आवटी म्हणाले, जग दाखवा याला,
चार महिने व्हायच्या आत.
पुढं हा सत्तर किलोचा होईल,
आणि सत्तर किलोची भीती
तुमच्याच्यानं धरवणार नाही.

लसी पुऱ्या होईस्तोवर कडेवर घेऊन हिंडले.
अठ्ठावन्नाव्या वर्षी माझ्या कडेवर कुणीतरी.
विश्रामबागेत कुणी काही विचारलं नाही,
बागवान वहिनी सोडून.

छत्री उघडली, मिटली. कुकर.
हेल्मेटवाला गॅसचा माणूस: त्याला हेल्मेट काढायला लावलं,
पुन्हा घालायला लावलं, त्यानंही घातलं.
गाणी लावलेला उसाचा ट्रॅक्टर, लांबून, मग जवळून.
मार्केट यार्डात हळदीच्या ढिगाशी
नाक पिवळं करून हा असा शिंकला
की रुमालाखाली बोटं धरून बसलेले दोघे
भाव विसरले.

एकतीस वर्षं मी वीज मंडळाच्या खिडकीत बिलं घेतली.
काचेला भोक हाताएवढं.
हात पुष्कळ ओळखते मी सांगलीतले.
तोंडं या दीड महिन्यात पाहिली.

मग गुडघ्याची तारीख आली. मिरजेला, सहा रात्री.

कवठे महांकाळच्या अलीकडं बाबासो मगदूमचं बेदाण्याचं शेड.
द्राक्षबाग काढली तेव्हापासून तिथं कुत्री सांभाळतो.
मी पहिलं हेच विचारलं, एखादा बेदाणा राहिला असेल तर?
कुत्र्याला विषच तो.
"दोनदा झाडतोय ओ म्याडम. तीन वर्सं झाली.
अजून बायको वाकून बघती."
आधी एक तास ठेवला. मग एक दुपार. मग एक रात्र.
त्या रात्री गोट्या झोपला, मी नाही.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर जतच्या होनमोरे बाई.
घोरणं अनोळखी, दिवे अनोळखी, जेवण भलत्याच वेळी.
फिजिओ पोरगी म्हणाली, टाका पाऊल, काही होत नाही, शाब्बास,
अगदी माझ्याच आवाजात.
फक्त तिच्या खिशात बिस्कीट नव्हतं.

बाबासोचा फोन: पहिल्या रात्री रडला.
दुसऱ्या रात्री चंपी नावाच्या म्हाताऱ्या लॅब्राडोरच्या
पाठीवर मान टाकून पडला, तिनं टाकू दिली.
तिसऱ्या दिवशी तिचीच ताटली उलथली.

आणायला गेले तर धावत आला नाही.
थांबला. वॉकर हुंगला, चारही पाय एकेक करून,
नवीन वस्तू, घाई नाही, मी शिकवलं तसं.
मग मला. तेही पायापासून.

निघताना बाबासोनं मूठ उघडली.
एक बेदाणा, काळा पडलेला.
"पत्र्याच्या फटीत गावला. दाखवायला ठेवलाय."
नसता दाखवला तर मला कुठून कळणार होतं.
मी उचलला, पदराला पुसला,
तोंडात टाकला.
अजून आंबट होता.
गोट्या माझ्या जबड्याकडं बघत राहिला.