ओला पाय

मार्केट यार्डामागं, हळद तपासणीच्या लॅबमध्ये
खिडकीच्या कठड्यावर पाच चौकोन मांडलेत,
वहीच्या पानाएवढे.
महिनाभर आम्ही त्यांचे हाल करतोय.

इपॉक्सीवर ॲसिडचा थेंब रात्रभर बसून राहिला,
सकाळी फडक्यानं अलगद उठला,
खाली डाग नाही, वळ नाही.
पण ज्या दिवशी त्याचा डबा उघडला
वजनकाट्यावरचा सुशांत मळमळून बाहेर पळाला
आणि दुपारपर्यंत डब्याला भात गेला नाही कुणाच्या.

व्हिनाईलची परीक्षा आधीच झालीय.
पुराच्या साली पाणी टेबलाच्या गुडघ्याला लागलं,
ते पापडासारखं फुगलं.
सोलून काढलेल्या गुंडाळ्या अजून मागच्या भिंतीला टेकून आहेत,
कुजत नाहीत, कुणी नेत नाही.

शहाबादीवर थेंब पडला
तशी ती लिंबू पिळल्यासारखी फसफसली.

लिनोलियम. पुरवठादार म्हणाला,
जवसाचं तेल, लाकडाचा भुसा, पाठीला ताग.
मी चौकोन नाकाशी धरला:
आईची जवसाची चटणी, तव्यावरून नुकती उतरलेली.
तिथंच मन हरलं होतं माझं,
पण कॉस्टिकच्या थेंबानं त्याला फोड आणला
आणि मला तसं लिहावं लागलं.

पाचवी आम्लरोधक फरशी, जाड, तांबूस,
विटेची चुलत बहीण. तिला कशाचंच काही नाही.
भाव ऐकून अकौंटंट शेडबाळे चष्मा पुसत बसले.

शमशादभाभी मुजावर बादली घेऊन आल्या.
सोड्याच्या पाण्यानं हळदीचा डाग लाल होतो
हे पुस्तकाआधी मला त्यांच्या पोछ्यानं शिकवलेलं.
त्यांनी पाची चौकोन खाली ठेवले, भिजवले,
चपला काढल्या,
एकेकावर उभ्या राहिल्या.
"ह्यावर कंबर मोडंल, बाई.
ह्यावर पाय धरतोय.
आणि हे गार नाही लागत, थंडीत बरं."

तक्त्यात रकाने होते: आम्ल, अल्कली, झीज, खर्च, आयुष्य.
मी पेनानं एक आखला. वाकडा आला.
ओला पाय.

आता वजनाच्या खोलीत जवस,
बेसिनभोवती विटेची बहीण,
आणि कागदपत्रांच्या खोलीत
जुनी शहाबादी तशीच ठेवलीय, नुसती घासून.
न काढलेल्या फरशीइतकं स्वस्त आणि हिरवं काही नसतं
हे त्या पाच चौकोनांत नव्हतंच.

इपॉक्सीचा चौकोन मी दाराखाली सारलाय,
वाऱ्यानं आपटू नये म्हणून.
आमच्या सगळ्यांच्या नंतरही टिकेल तो.
शमशादभाभी रोज त्याला अडखळतात
आणि रोज मला सांगतात.