कोणती बादली?

तेओफिलो आंकाहिमा सकाळी सहाला
धक्क्यावरून दोर सोडतो.
बादली भरते, जड होते,
हिंदकळत वर येते.
पारा ठरेपर्यंत तो मनात साठ मोजतो,
मग वहीत: सोळा पूर्णांक दोन.
वारा दक्षिणेचा. पाणकावळे पुष्कळ.

बेटाचं नाव विधवा.
पेरूच्या किनाऱ्यापासून तीन तास, इंजिन धड असेल तर.
इथं पाऊस पडत नाही म्हणून विष्ठा वाहून जात नाही,
विष्ठेचं खत होतं म्हणून पहारेकरी,
आणि बाप इथंच पहारेकरी होता
म्हणून तो.

बापानं त्याला समुद्र असा सांगितला:
वारा किनारा धरून उत्तरेला जातो,
पण पृथ्वी फिरते, म्हणून वरचं पाणी
त्याचं पुरतं ऐकत नाही,
डावीकडे कलतं, किनारा सोडून निघतं.
मोकळी जागा समुद्र मोकळी ठेवत नाही.
खालून येतं पाणी, थंड, अंधारातलं,
जे जे वर मेलं आणि बुडालं
त्या सगळ्याचं सत्त्व घेऊन.
उन्हात आलं की हिरवं होतं.
हिरव्यावर आंचोवेता जगते,
आपल्या मांदेलीची लांबची मावसबहीण,
बोटभर, चंदेरी, अगणित.
तिच्यावर पक्षी.
पक्ष्यांवर आपण, बाप म्हणाला,
खराटा घेऊन.

एका वर्षी बादलीत तेवीस आले.
त्यानं ओतून पुन्हा भरली. तेवीसच.
चौथ्या दिवशी पाणकावळे उठले,
सगळे, एकदम, पिल्लं टाकून.
त्या आठवड्याची पानं कोरी आहेत.
आवाजासाठी वहीत रकाना नव्हता.

असं बापाच्या वेळीही व्हायचं;
समुद्राचं स्वतःचं येणंजाणं आहे ते.
पण तेव्हा परतलेल्या पक्ष्यांना
मासळी उरलेली असायची.
आता रात्री दिवे लागतात पाण्यावर,
जाळ्याचं तोंड आवळतं, नळ्या शोषून घेतात,
आणि समोरच्या बंदरात मासळीचं पीठ होतं.
त्याची थोरली, हेर्लिंदा, तिथं पोती शिवते.
पीठ जातं नॉर्वेच्या पिंजऱ्यांतल्या माशांना,
चीनमधल्या डुकरांना.
तेओफिलोच्या घरावरचे पत्रे
त्याच पिठाचे.

गेल्या मार्चात लिमाहून येसेनिया चुंगा आली.
एकेचाळीस वह्या, दोन हस्ताक्षरं.
समुद्र किती तापला,
त्यातलं त्याचं किती, आपलं किती,
ते तिला वेगळं करायचं होतं.
पहिलाच प्रश्न: बादली कोणती?

कॅनव्हासची, बापाच्या काळी.
ओल्या कापडाला वारा लागतो, ती म्हणाली,
वर येईपर्यंत पाणी निवतं थोडं.
म्हणजे तुमच्या वडिलांचा समुद्र
कागदावर जरा जास्तच थंड आहे.

तेओफिलो गप्प झाला.
बापावर खोटेपणाचा आळ आल्यासारखा.
मग म्हणाला, वाऱ्यानं खाल्लं
ते त्यानं कसं लिहावं?
ते मी लिहीन, ती म्हणाली.
आणि प्लास्टिकची कधीपासून?
साल आठवेना.
समुद्रसिंहीण धक्क्यावर व्याली, त्या वर्षी.
विकत नाही घेतली. वाहत आली,
रंगाचा डबा, चिनी अक्षरांचा.
धुतला नि वापरला.

जुनी आहे अजून?
कोठीमागे, खिळ्याला.
दोन्ही बादल्या एकदम सोडून
फरक बघायचा होता तिला.
गेले तर आत एक सुरयाचं पिल्लू,
कापडाच्या सुरकुतीत, राखाडी,
चोच उघडून.

दोघं लांबूनच बघत राहिले.
किती दिवस लागतील? तिनं विचारलं.
सात आठवडे, तो म्हणाला,
मासळी असेल तर.

तिनं वहीत लिहून घेतलं:
सात आठवडे. मग थोडं थांबून,
खाली, लहान अक्षरात:
असेल तर.