लांबचा नंबर

रावपुऱ्यात चष्म्यांचं दुकान आहे माझं.
दिवसभर लोकांना विचारतो,
हे स्पष्ट, की हे?
की दोन्ही सारखंच?
आणि पहाटे साडेपाचला
स्वतःचा उणे सहाचा चष्मा रुमालात गुंडाळून
नवलखीच्या मैदानावर
एका धूसर गोष्टीकडे धावत सुटतो.

चष्मा घालून धावता येत नाही.
नाकावरून घसरतो, उड्या मारतो.
एकदा दोनशेच्या वळणावर
माझ्याही पुढे निघून गेला होता.

लांब पल्ला आपल्याला जमत नाही.
लांबचं दिसत नाही म्हणून जवळचं पळतो,
असं कौमुदी म्हणते.
शंभर मीटरला एक श्वास,
तो सत्तरपर्यंत पुरवायचा,
उरलेले तीस उधारीवर.

मांजलपूरच्या ट्रॅकवर स्पर्धा असली
की रेषेपलीकडे ती उभी राहते
हळदी रंगाची छत्री उघडून, ऊन असो नसो.
लोकांना वाटतं, बाईंना उन्हाचा त्रास आहे.
मला रेषा दिसत नाही, पंचांच्या टोप्या दिसत नाहीत.
एक पिवळा डाग तेवढा,
आणि डावीकडून दाहोदच्या सोलंकींचा
रेल्वेत तीस वर्षं मुरलेला श्वास.
कठड्यावरून पोरं ओरडतात, दोडो काका, दोडो!
मी पळतो.
लाउडस्पीकरवर माझं आडनाव दर वर्षी वेगळं.
खोपकरचं खोपरकर. गेल्या खेपेला खोबरेकर.
मग सेव-उसळ, वरून तरी,
आणि रात्री पोटरीत गोळे.

नाशिकला एकटाच गेलो.
कौमुदीच्या भाचीकडे बारसं होतं.
रात्रभर बसमध्ये पाय आखडून,
सकाळी दोन केळ्यांवर उभा.
नाव नोंदवणारी मुलगी म्हणाली,
काका, तुमचं मराठी गोड आहे, पण कुठलं?
म्हटलं, बडोद्याचं.
म्हणजे बाहेरचे, म्हणाली,
आणि रजिस्टरात तसंच लिहिलं.
छातीवर ४१७, चार टाचण्या,
त्यातली एक बनियनच्याही आत.

ब्लॉकमध्ये पाय. बोटं रेषेच्या अलीकडे.
मान वर केली.
पिवळं काही नव्हतं.
दूध सांडल्यासारखी थंडी
आणि तिच्यात हलणारी माणसं, की झाडं, की झेंडे.

फळी वाजली.

त्या पंधरा सेकंदांचं सांगण्यासारखं फार नाही.
शेजारी सिन्नरचे घुगे होते, पीटीचे निवृत्त मास्तर.
त्यांचे स्पाइक्स मांजरपाट टरकावल्यासारखे वाजत होते.
त्या आवाजाच्या जरा पुढे राहायचं ठरवलं,
मग बरोबरीनं,
मग तो आवाजच पुढे गेला
आणि मी त्याच्या मागे मागे,
जसं वीज गेल्यावर जिना उतरताना
पुढच्याच्या चपलांवर विश्वास ठेवतो.

रेषा कधी गेली कळलंच नाही.
मी भिंतीपर्यंत धावत राहिलो.
घुग्यांनी मागून येऊन दंडाला धरलं,
अहो बडोदेकर, संपली.
केव्हाच संपली.
पहिल्यांदाच कुणीतरी
माझं आडनाव नीट चुकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात
कौमुदी पेढ्यांचा डबा उघडत होती.
किती?
पंधरा पॉइंट आठ.
आणि मागच्या वर्षी?
पंधरा पॉइंट पाच.
म्हणजे नंबर वाढला.
मी गिऱ्हाइकांना सांगतो तेच सांगितलं,
या वयात थोडा वाढतोच, घाबरायचं नाही.

तिनं कोपऱ्यातली छत्री उघडून पाहिली.
एक काडी मोडली आहे.
फेब्रुवारीत नडियाद.
छत्रीवाला मांडवीशी बसतो,
पण गुरुवारी नसतो.