बेचिराख

महिदपूरला आपण हरलो हे आम्हाला सांवेरात
कडब्यावरून कळलं.
चौथ्या दिवशी पलटण आली आणि पहिला हुकूम सुटला
सातशे पेंढ्यांचा.
कमाविसदार आदल्या रात्रीच उज्जैनला देवदर्शनाला गेले,
किल्ल्या माझ्या हातात ठेवून.
दर्शन अजून चालू असावं.

कप्तान वाईट माणूस नव्हता. खुर्ची स्वतःची आणली होती.
दुभाष्याच्या तोंडून विचारलं, परगण्यात गावं किती?
मी रुमाल सोडले. त्र्याण्णव.
पैकी जिवंत किती?
असा रकाना आमच्या दप्तरात नाही.
आमच्यात आबाद, नाहीतर बेचिराख.
ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराख,
त्यावर वसूल नाही.

एकाच खरिपाचा पैसा आधी पेंढाऱ्यांनी नेला,
मग आपल्याच पळत्या फौजेनं,
आता तिसरी वही उघडत होती.
कालपर्यंत जो रुपया कपाळाला लावायचा
तोच दगडावर वाजवून खूबचंद सराफ नाक मुरडत होता:
शेकडा सहा बट्टा.

जामुनखेडीच्या ओळीपाशी बोरू थांबला.
तेवीस घरं. गुमान पटेलाचे बैल तोफा ओढत गेलेले,
त्यांतली एक घंटा तेवढी परत आलेली.
मी लिहिलं: मौजे मजकूर बेचिराख, सबब वसूल बाद.
वर वाळू टाकली, फुंकर मारली.
तेवीस घरं उडून गेली.

निरोप धाडला एवढाच: रात्री दिवा लावू नका.

नदीच्या अलीकडे छावणी, पलीकडे जामुनखेडी.
कचेरीच्या गच्चीवरून मी रोज पाहायचो
माझं अक्षर खरं ठरताना.
नुसता अंधार, खाडाखोड नसलेला.
चुली उन्हं असतानाच विझायच्या,
मुलं चाचपडत अंथरुणात शिरायची,
म्हाताऱ्याला ठेच लागली तर शिवीसुद्धा हळू.

फाल्गुनात गुमान आला. जोडे बाहेर काढून
रुमालांकडे बघत उभा राहिला.
आता कुठल्या गावचा पटेल तो?
म्हणाला, एक कोरो कागद चइये, दादा. ने कलम.
सुनेला मुलगी झालेली. आज सहावी रात्र.
बेमाता आवेगी, लिखवा.

कागद मोजलेले होते, रोज संध्याकाळी मोजले जात.
मी एक ताव दिला आणि खर्ची टाकला:
शाई सांडली, सबब बाद.
दिव्याचं त्यानं विचारलं नाही, मी बोललो नाही.
अंधारात लिहिता येत नाही
हे कारकुनाला कुणी सांगायचं?

त्या रात्री गच्चीवर पहाऱ्याचा शिपाई होता,
अवधचा, गळ्यात तुळशीची माळ.
पलीकडे एक ठिपका उजळला, हलेना.
वो क्या है, मुंशीजी?
चिता असेल, म्हणालो.
खोटं लिहायला बोरू लागतो, शाई, वाळू, तिथी, साल.
बोलायला तोंड पुरलं.
तो बराच वेळ बघत राहिला.
छोटी है, म्हणाला. किसी बच्चे की होगी.
आणि नदीकडे पाठ करून बसला
उजाडेपर्यंत.

ताव परत आला. कोराच येतो,
तिचं अक्षर कुणाला दिसत नाही.
खालच्या कोपऱ्यात तेलाचा एक थेंब.
आता हिशेबात एक कागद जास्त झाला.
जास्तीचा कागद कमीपेक्षा वाईट,
त्याचं कारण शाईवर ढकलता येत नाही.
मी तो गठ्ठ्यात खाली सरकवून दिला.

वैशाखात फेरतपासणीची यादी उतरवताना
तोच हाती आला.
सगळी गावं नीट बसली. तळाशी जामुनखेडी,
तिच्यापुढे एकच शब्द लिहायचा,
आणि शाई धरेना.
बोरू बदलला. पुन्हा तासला. शाई थेंबाच्या कडेनं
वळून जाते.

कप्तान खुर्चीतून विचारतो आहे
तिथं काय लिहायचं होतं.