तळाचे वेढे

वरळीला, नव्या रस्त्याच्या पोटाशी
सिमेंटचे चौपायी धोंडे टाकलेत एकमेकांवर.
रात्री त्यांच्या खाचांत समुद्र गुळण्या करतो.
तिथे मी. अष्टमी, भांगाची भरती, पाणी आळशी;
अशा रात्री शहाणा माणूस गरवायला येत नाही.
गरीला जिवंत बोईट.

रीळ त्रिलोकेकरांचं.
लिफ्टच्या कंपनीत मी हेल्पर लागलो तेव्हा ते मुख्य फिटर.
जुन्या मालाच्या लिफ्टचा ड्रम दाखवून म्हणायचे,
"दोर पूर्ण सुटू द्यायचा नाही. कधीच नाही.
पिंजरा तळाला टेकला तरी तीन वेढे शिल्लक हवेत.
माणसं त्या तीन वेढ्यांवर उभी असतात.
त्यांना वाटतं, फळीवर."

रिटायर होताना रीळ दिलं. मग गेलेच.
त्यांची पिवळी दोरी तळाशी तशीच ठेवून
वर माझी निळी गुंडाळली,
मशीद बंदरची, दोनशे मीटर,
आणि विसरलो.

पावणेतीनला बोईट एकदम गप्प झालं.
जित्या आमिषाचं गप्प होणं
ओळखू यायला वर्षं लागतात.
मग काठी वाकलीच नाही,
ओढली गेली, खांद्यासकट,
आणि रीळ किंचाळलं.

ब्रेक आवळला. दोरी गेली.
अजून आवळला. गेली.
समोर पुलाचे दिवे, मागे कुणाच्या तरी गाडीतलं गाणं,
आणि मधे हे, न दिसणारं, सुसाट निघालेलं
जणू वांद्र्याच्या कोर्टात त्याची तारीख आहे.
अंगठा दाबला रिळावर.
कातडी जळाल्याचा वास आला.
निळी पातळ होत चालली
महिनाअखेरच्या पाकिटासारखी
आणि तिच्या फटीतून
पिवळी दिसली.

त्रिलोकेकर,
अकरा वर्षांनी तुमचा हात दिसला.
तिरपे, सारखे, एकाला एक चिकटून बसलेले वेढे.
माझी गाठ सुटली रिळावरून,
टक् पहिल्या कडीतून,
टक् दुसऱ्या,
टक् टक् टोकाच्या,
आणि काळोखात गेली.
गाठीपलीकडे माझं सगळं,
अलीकडे फक्त तुमचं.
"अहो, थांबा," मी म्हणालो.
माशाला की कुणाला, माहीत नाही.

धातू चमकायला लागला.
सात वेढे. पाच. चार.

तीन.

थांबला.

सांगून टाकतो, मी काही केलं नव्हतं.
काठी धरून नुसता उभा होतो,
पिंजऱ्यातल्या माणसासारखा.
तो दमला असेल. सुकती लागली असेल.
पिवळ्या दोरीत तुमचं काही उरलं असेल,
असं मी म्हणणार नाही. तुम्ही हसाल.

पाऊण तास. दोन हात मिळवायचे, एक हात घालवायचा.
गाठ परत आली, टक् टक्,
रिळावर बसली, आणि मी
पिवळीवर पुन्हा निळी चढवत गेलो
ओली, वेडीवाकडी, माझ्या हातची.

धोंड्यांपाशी टॉर्च मारला.
एक डोळा, लाल, विझत्या विडीएवढा.
जिताडा.
पाण्यात एकदाच कूस वळली
आणि तिची रुंदी मोजायच्या आत
तो धोंड्याआड गेला, जिथे कालवं चिकटलेली असतात.
तुटल्याचा आवाजसुद्धा आला नाही.
काठी फक्त हलकी झाली.

शिवी द्यायला हवी होती. सुचली नाही.
उरलेली दोन बोईटं खाडकन पाण्यात भिरकावली
आणि सकाळपर्यंत गुडघे धरून बसलो.

सोमवारी परळच्या टॉवरवर
हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला.
ओळख पटली नाही.
पुसून ठेवला. पटली नाही.
थुंकी लावून ठेवला.
वॉचमनने माझा हात उलटा करून पाहिला:
सगळ्या रेषांवरून आडवी एक चर,
दोरीच्या जाडीची.
"काका, हे काय करून घेतलंत?
दुसरं बोट द्या."